डिशवॉशर रुसलाय : पांढरी भांडी, तळाशी पाणी आणि मी (मदत हवी आहे)

टँकरग्रस्त
नमस्कार मंडळी, गेली कित्येक वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय तेव्हा चुकलं माकलं सांभाळून घ्या. आमच्याकडे डिशवॉशर आहे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मावशी येणं बंद झालं तेव्हा सगळ्या गावाने घेतला तसा आम्हीही घेतला. कोथरूडला होतो तोवर एक तक्रार नाही, कढईसुद्धा लखलखीत निघायची. आता दीड वर्षापूर्वी वाकडला राहायला आलो आणि हळूहळू बिघडत गेलं. आधी स्टीलच्या ताटांवर पांढरट थर यायला लागला, म्हणजे हात फिरवला की खडूसारखं लागतं. मग काचेच्या ग्लासांत तळाशी बारीक काळं काळं, मोहरी आणि कोथिंबिरीचा चुरा, तोही वरच्या रॅकमध्ये. आणि परवापासून तर प्रोग्राम संपल्यावर तळाशी पाणीच साचून राहतं, वास येतो, आणि स्क्रीनवर नळाचं चित्र लुकलुकतं. कंपनीचा माणूस बोलावला, त्याने झाकण उघडलं, आत वाकून बघितलं, बंद केलं आणि म्हणाला ड्रेन पंप गेलाय, नवा टाकायला साडेतीन हजार, शिवाय व्हिजिटचे वेगळे. नवरा म्हणतो विकून टाकू. विकायची इच्छा नाही हो. कोणी सांगेल का काय बघू?

पोळपाट_लाटणं
टँकरग्रस्त, आयडी बघूनच अर्धं निदान झालं. वाकड ना? सोसायटीत पाणी कुठलं येतं, टँकर की बोअर?

टँकरग्रस्त
दोन्ही गं. महापालिकेचं थोडं येतं, उन्हाळ्यात टँकर आणि बोअर मिक्स. टीडीएस ६५० आहे, वॉटर प्युरिफायरवाल्याने मोजून सांगितला होता.

खटपट_काका
टँकरग्रस्त ताई, तुमच्याकडे एक नाही तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांना एकच औषध देऊ नका. पांढरा थर हा पाण्याचा प्रश्न. ग्लासात मोहरी हा फिल्टरचा किंवा पंख्यांचा (ते फिरणारे स्प्रे आर्म, मी पंखेच म्हणतो). तळाशी पाणी हा निचऱ्याचा. पंप गेलाय हे पंप न उघडता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, एवढं आत्ता सांगतो.

आधी पाणी. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, तो मीटर नुसती पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. जडपणा म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, पांढरा थर येतो तो त्यांचाच. दोन्ही आकडे एकच समजून लोक मशीन सेट करतात आणि मग मशीनला शिव्या देतात. जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात ऑनलाइन, मत्स्यालयाच्या दुकानातही मिळतात. पाण्यात बुडवायची, रंग जुळवायचा. ती आणा.

दुसरं, डिशवॉशरमध्ये तळाशी एका कोपऱ्यात मोठं झाकण असतं, तिथे मीठ टाकायचं असतं. टाकता का?

टँकरग्रस्त
काका मीठ कोथरूडला असताना इन्स्टॉल करणाऱ्याने टाकलं होतं 🙈 त्यानंतर टॅबलेटच वापरते, पाकिटावर लिहिलंय मीठ, रिन्सएड (भांडी डाग न पडता सुकायला टाकतात ते) सगळं यातच आहे म्हणून.

पोळपाट_लाटणं
हेच. हेच हेच हेच. मीही दोन वर्षं या ऑल इन वनच्या भरवशावर होते.

खटपट_काका
थोड्या जड पाण्यापर्यंत टॅबलेट निभावते, टँकरच्या पाण्याला नाही पुरत. काय होतं ते समजून घ्या म्हणजे परत कोणाला विचारावं लागणार नाही. त्या मिठाच्या टाकीशेजारी एक कप्पा असतो, त्यात राळेचे बारीक मणी. पाणी त्यांच्यावरून जाताना मणी कॅल्शियम पकडून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही दिवसांनी मणी भरून जातात, पकडायला जागाच उरत नाही. मग मशीन स्वतःच मिठाचं पाणी त्यांच्यावरून फिरवतं, कॅल्शियम धुऊन गटारात, मणी पुन्हा ताजे. म्हणजे मीठ भांड्यांना लागत नाही, मण्यांना लागतं. आणि हे मणी किती वेळा ताजे करायचे ते मशीनला कळतं सेटिंगवरून. तुमचं सेटिंग कोथरूडचं आहे!! खडकवासल्याचं पाणी मऊ, तिथे इन्स्टॉल करणाऱ्याने १ वर ठेवलं असेल आणि ते बरोबरच होतं. मशीन वाकडला आलं पण त्याला अजून वाटतंय आपण कोथरूडातच आहोत.

सांगलीची_सुगरण
काका 😂😂 वाकडला आलेल्या निम्म्या लोकांना तेच वाटतं

टँकरग्रस्त
सुगरण, कोथरूडकरांच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवू नये.
काका पट्टी मागवलीय, उद्या येते. मीठ घरातलंच टाकू का तोवर?

खटपट_काका
अजिबात नाही. घरातल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून काहीबाही घातलेलं असतं, शिवाय बारीक असतं, चिखल होऊन बसतो. डिशवॉशरचं जाड मीठ वेगळं मिळतं तेच आणा. आणि खडेमीठ आणून टाकाल तर तेही नको, त्यात माती असते.

दापोलीचा_दादा
धाग्यावर नजर ठेवून आहे. आमच्याकडे डिशवॉशरपेक्षा उंदराचा प्रश्न मोठा. मागच्या पावसाळ्यात मशीनच्या मागून ड्रेन पाइप कुरतडला, रात्री चालू करून झोपलो, सकाळी स्वयंपाकघरात तळं. वॉरंटीत उंदीर बसत नाही म्हणाले. तेव्हापासून पाइपाला स्टीलची जाळी गुंडाळलीय आणि महिन्यातून एकदा मशीन पुढे ओढून मागे बॅटरी मारून बघतो. झुरळांचंही तेच, खाली ऊब असते ना, सर्किटच्या कार्डावर जाऊन बसतात.

निशाचर_०७
माझा किस्सा सांगतो म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. बंगळुरूला एकटा राहतो, टॅबलेट संपली होती तर भांडी घासायचं लिक्विड टाकलं, दोनच चमचे, म्हटलं काय होतंय. वीस मिनिटांनी दारातून फेस. म्हणजे गणपती विसर्जनाला मूर्ती पाण्यातून वर यावी तसा फेस हळूहळू वर आला आणि मग खाली उतरून फ्रिजकडे चालायला लागला. बंद केलं, पुसलं, तर त्यानंतर मशीन ऑफ असलं तरी आतला पंप घुंईं करत चालूच, थांबेचना, शेवटी प्लगच काढला.

खटपट_काका
तो फेस गळून मशीनच्या खालच्या ताटात उतरला असणार. तिथे एक छोटा तरंगता फ्लोट असतो, पाणी दिसलं की तो वर येतो आणि मशीन समजतं की गळती आहे, म्हणून सारखं उपसत बसतं. प्लग काढून, नळ बंद करून, मशीन जरा तिरपं केलं की ते पाणी बाहेर येतं, मग एक दिवस कोरडं होऊ द्यायचं.

निशाचर_०७
अगदी तेच केलं, दोन मित्र बोलावून तिरपं केलं. एकाच्या पायावर आलं थोडंसं, मशीन नाही, पाणी.

सांगलीची_सुगरण
टँकरग्रस्त, मोहरीचं मी सांगते कारण फोडणी हा माझा प्रांत. तळाला जो फिल्टर असतो तो काढ. उभा डबीसारखा भाग डावीकडे फिरवला की सुटतो, त्याच्याखाली पत्र्याची बारीक जाळी असते ती पण उचल. नळाखाली धर आणि जुन्या टूथब्रशने घास, तूप गोठलेलं असतं ना ते गरम पाण्यानेच सुटतं. माझं दर रविवारी ठरलेलं आहे, पूजेची भांडी आणि फिल्टर एकदमच. मग पंखे. खालचा वर ओढला की निघतो, वरच्याला आमच्याकडे चाकी आहे ती फिरवून निघतो, तुझ्याकडे वेगळं असेल. कानाजवळ धरून हलव. खुळखुळ्यासारखा वाजला तर आत मोहरी आहे. भोकं टूथपिकने नाही, सेफ्टी पिनने साफ कर, टूथपिक आत मोडतं आणि मग ते काढायला अजून एक टूथपिक, माझं झालंय. नंतर पंख्यात नळाचं पाणी सोडून दुसऱ्या टोकाने ओत.

टँकरग्रस्त
सुगरण तू ग्रेट आहेस. आत्ता वरचा पंखा हलवला. खुळखुळा. शब्दशः. ओटा पुसून सगळं सांडलं तर चमचाभर मोहरी, दोन मेथीदाणे आणि कढीपत्त्याचा देठ.

पोळपाट_लाटणं
फोडणीचं साहित्य पूर्ण, फक्त हिंग राहिला.

खटपट_काका
थांबा. हे हसण्यावारी नेऊ नका. अख्खा मेथीदाणा पंख्यापर्यंत जाऊच शकत नाही. पंख्याला पाणी पंपातून जातं आणि पंपाच्या आधी फिल्टर आहे. फिल्टर जागेवर असेल तर मेथीदाणा अडकलाच पाहिजे. ताई, तुम्ही फिल्टर काढला तेव्हा तो फिरवावा लागला की नुसता उचलला गेला?

टँकरग्रस्त
काका… नुसता उचलला गेला.
गेल्या रविवारी नाही त्याच्या आधी कधीतरी नवऱ्याने "मी साफ करतो" म्हणून काढला होता, मला वाटतं त्याने नुसता ठेवून दिला, फिरवून लॉक केलाच नाही. विचारलं तर म्हणतो लॉक करायचा असतो हे त्यालाच नाही तर मशीनलाही माहीत नसेल.

खटपट_काका
त्यावर दोन बाण असतात, ते समोरासमोर आले पाहिजेत. आता मला खात्री आहे की तुमचा पंप गेलेला नाही, त्यात काहीतरी गेलंय. उद्या बघू. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद नाही, प्लग. तळातलं पाणी वाटीने आणि उरलेलं स्पंजने उपसा. रबरी हातमोजे घाला कारण तिथे काचेचा तुकडा असू शकतो. फिल्टरच्या खड्ड्यात एका बाजूला प्लॅस्टिकचं छोटं आवरण दिसेल, माझ्याकडच्या मशीनमध्ये ते चमच्याच्या दांड्याने उचकटून वर येतं, तुमच्या मशीनच्या पुस्तकात चित्र असेल ते बघा. त्याच्यामागे पंपाचं छोटं चक्र असतं. बोटाने फिरवा. अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरलं तर घाबरू नका, आत लोहचुंबक असतो म्हणून ते तसंच फिरतं. फिरतच नसेल तर काहीतरी अडकलंय.

सातासमुद्रापार
मी अमेरिकेतल्या बे एरियातून. इथल्या बऱ्याच मशीनना मिठाची टाकीच नसते, मी पुण्याहून आले तेव्हा अख्खा दिवस मिठाचं झाकण शोधत होते 😀 इथे मशीनला गरम पाण्याचीच लाइन जोडलेली असते, त्यामुळे चालू करायच्या आधी सिंकचा गरम नळ पाणी गरम येईपर्यंत सोडायचा, नाहीतर पहिलं पाणी थंड जातं आणि टॅबलेट विरघळत नाही. निचऱ्याचं मात्र सगळीकडे सारखंच. आम्ही सिंकखालचं खरकटं दळायचं यंत्र नवीन बसवलं आणि त्याच दिवसापासून तळाशी पाणी. तीन दिवस डोकं फोडलं. नव्या यंत्राच्या तोंडात जिथे डिशवॉशरचा पाइप लागतो तिथे प्लॅस्टिकचं बूच असतं, ते आधी स्क्रू ड्रायव्हर ठोकून पाडायचं असतं. पाडलंच नव्हतं.

खटपट_काका
सातासमुद्रापार, चांगला मुद्दा. इकडे याच्या उलट होतं. पाइप ड्राय बाल्कनीतल्या नहाणीत नुसता जमिनीवर सोडून देतात, मग मशीन पाणी भरतंय आणि ते आपोआप सायफनने वाहून जातंय. पाइप आधी ओट्याच्या उंचीपर्यंत वर नेऊन मग खाली आणायचा. जाता जाता, डिशवॉशरचं पेटंट १८८६ चं, जोसेफीन कॉक्रन नावाच्या अमेरिकन बाईंचं, आणि १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं होती. म्हणजे विवेकानंदांचं भाषण झालं त्याच शहरात त्याच वर्षी.

दापोलीचा_दादा
काका, विवेकानंदांपर्यंत पोचलात, आता परत या 🙏 माझा एक प्रश्न. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि टाकी डोक्यावरच. मशीन पाणी भरायलाच अर्धा तास लावतं आणि मग एरर देतं.

खटपट_काका
दादा, दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. तुमची टाकी डोक्यावर तीन मीटर असेल तर ०.३ बार. बऱ्याच मशीनना किमान ०.५ लागतो, तुमच्या पुस्तकात मागे लिहिलेला असेल. खालच्या मजल्यावाल्यांना हा त्रासच नाही. छोटा प्रेशर पंप लावा. पण त्याआधी नळ बंद करून पाणी येतं तो पाइप मशीनच्या नळापासून सोडवा, तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी असते, पक्कडीने ओढून काढा. तुमच्या लाल मातीच्या पाण्याने ती भरलेली असणार.

दापोलीचा_दादा
जाळी काढली. विटेसारखी लाल. धुऊन लावली, आता दहा मिनिटांत भरतंय. पंपाचे पैसे वाचले, तुम्हाला आंब्याची पेटी लागू.

टँकरग्रस्त
मंडळी अपडेट!!
आज शनिवार, नवऱ्याला हातमोजे देऊन खाली बसवला. पाणी उपसलं, वास असा की मुलगा नाक धरून बाल्कनीत पळाला. आवरण चमच्याने निघालं. नवरा आत बोट घालून म्हणतो चक्र फिरत नाहीये, जॅम आहे. मग मी मोबाइलची बॅटरी धरली आणि त्याने भुवया कोरायच्या चिमट्याने (माझ्या! नवीन होता) पाच मिनिटं खटपट करून काय काढलं असेल?
चिंचोका.
गेल्या महिन्यात आमसूल संपलं म्हणून आमटीला चिंच कोळून घातली होती तिचा. आणि गंमत म्हणजे चक्राने घासून घासून एका बाजूने पार सपाट पांढरा झालाय, दुसऱ्या बाजूने काळाभोर, चकचकीत. चक्राची सगळी पाती शाबूत आहेत, आता टकटक करत फिरतं, काकांनी सांगितलं तसंच.
साडेतीन हजारांचा चिंचोका!

सांगलीची_सुगरण
अगं बाई 😂 आणि तो मनुष्य नवा पंप टाकून चिंचोका घेऊन गेला असता

पोळपाट_लाटणं
चिमट्याबद्दल संवेदना.

टँकरग्रस्त
आणि पट्टी पण आली. रंग ४०० च्या घरात जातो. पण मशीनच्या पुस्तकात ४०० कुठेच नाही, तिथे ० ते ५० असे आकडे आहेत आणि पुढे डीएच.

खटपट_काका
ते जर्मन डिग्री. पट्टीवरचा पीपीएम आकडा १७.८ ने भागा. ४०० म्हणजे साडेबावीस. तक्त्यात साडेबावीस ज्या ओळीत बसतं तो आकडा सेट करा. टाकीत मीठ भरा, झाकणाभोवती सांडलेलं ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच प्रोग्राम लावा, मीठ स्टीलवर रात्रभर राहिलं तर बारीक खड्डे पडतात. मिठाचा दिवा लगेच जाणार नाही, दोनतीन वेळा चालल्यावर जाईल, घाबरून अजून मीठ ओतू नका. आणि हो, टीडीएस मोजत बसू नका, तो कमी होणार नाही. कॅल्शियम गेलं तरी सोडियम आलेलंच असतं.

आत बसलेल्या जुन्या थरासाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं. चारपाच मोठे चमचे रिकाम्या मशीनच्या तळाशी, टॅबलेट न घालता, सगळ्यात गरम प्रोग्राम. मिठाच्या टाकीत घालू नका बरं, मागे एकाने घातलं होतं.

निशाचर_०७
व्हिनेगर चालेल का?

खटपट_काका
एखाद वेळी चालेल. नेहमी नको, दाराच्या रबराला सोसत नाही.

रोमात_राहणारी
माझे काचेचे ग्लास पण पांढरे झालेत, पण आम्ही मुंबईत, पाणी मऊ आहे. मग?

सांगलीची_सुगरण
व्हिनेगरचा बोळा फिरवून बघ. निघालं तर क्षार. नाही निघालं तर काचच झिजलीय, ती परत येत नाही. मऊ पाण्यात टॅबलेट जास्त झाली आणि रोज कडक गरम प्रोग्राम लावला की होतं तसं. ग्लास वेगळे, हलक्या प्रोग्रामला लावत जा. ॲल्युमिनियमचा कुकर लावतेस का? माझ्या आईने लावला होता, बाहेर आला तो काळाठिक्कर, तिला वाटलं जळला. डिशवॉशरची पावडर ॲल्युमिनियमला खातेच. बिडाचा तवा, पोळपाट, तांब्याची भांडी, कल्हईची पातेली, यातलं काही लावू नको, आणि लोखंडी पळी तर नकोच, तिचा गंज शेजारच्या ताटांना लागतो.

पोळपाट_लाटणं
आणि हळदीने डब्यांची झाकणं पिवळी होतात ती दुपारभर उन्हात ठेव. हळदीचा रंग तेलातून प्लॅस्टिकमध्ये शिरतो, साबणाला दाद देत नाही, उन्हाला देतो.

टँकरग्रस्त
आठवड्यानंतरचं अपडेट. लिंबूफुलाने आतली भिंत परत स्टीलची दिसायला लागली, मला ती राखाडीच वाटत होती. मिठाचा दिवा तिसऱ्या वेळी गेला. ताटांवर हात फिरवला की खडू लागत नाही. आज कोल्हापुरी रस्स्याची कढई लावली, फक्त खरकटं निपटून, न विसळता, आणि स्वच्छ आली. एक जुना काचेचा वाडगा मात्र पांढराच राहिला, व्हिनेगरने पण गेला नाही, तो बहुतेक कोथरूडलाच झिजलेला असणार. फिल्टर आता मीच लावते, बाण जुळवून, आणि नवऱ्याला बोलावून दाखवते.
काका, सुगरण, सगळ्यांना धन्स _/\_

दापोलीचा_दादा
चिंचोक्याचं काय केलं? पेरला का?

टँकरग्रस्त
मी टाकायला निघाले होते. आईने हातातून घेतला, म्हणाली एका बाजूने इतका सुरेख घासलेला चिंचोका फरशीवर घासून आम्हाला अर्धा दिवस लागायचा. खडूने पट आखून मुलाला चल्लस आठ शिकवत बसलीय, त्यात फाशांऐवजी असे चार चिंचोके लागतात. आता लेक विचारतोय अजून तीन कधी निघतील.